कॉपी करून वेगळं ठेवा, असं मी म्हणत होते

प्रत्येक बससाठी ऑडिओ ड्रायव्हर वेगळा असावा, दोघांत सारखा दिसणारा कोड असला तरी तो एकत्र करायला जाऊ नये, असं माझं मत होतं. ते मी मनातच ठेवलं असंही नाही. हिंजवडीतल्या ऑफिसात नव्या मुलांना मी ते शिकवलं, रिव्ह्यूमध्ये त्यावरून वाद घातले आणि बहुतेक वाद जिंकले. आज मी बरोबर उलट बाजूला उभी आहे. हे लिहून काढावंसं वाटलं याचं कारण असं की माझ्या जुन्या मतामागची कारणं मला आजही भक्कम वाटतात. पुण्यात एम्बेडेडचं काम ज्या पद्धतीने चालतं त्यातून ती आली होती. मत बदललं म्हणून ती कारणं नाहीशी झालेली नाहीत, त्यांना उत्तरं शोधावी लागली.

विषय थोडा उलगडून सांगते. फोन, लॅपटॉप, गाडीतली म्युझिक सिस्टिम या सगळ्यांत आवाजाचं काम करणारी एक लहान चिप असते. तिला कोडेक म्हणतात. आकड्यांचा आवाज करून स्पीकरकडे पाठवायचा आणि माइककडून आलेल्या आवाजाचे आकडे करायचे, हे तिचं काम. आवाज किती ठेवायचा, माइक चालू की बंद, चिपचा कुठला भाग झोपवायचा, हे प्रोसेसर तिला सांगतो, आणि सांगतो ते तिच्या रजिस्टरांमध्ये आकडे लिहून. हे आकडे ज्या तारांवरून जातात त्या तारा आणि त्यांवर बोलण्याचे नियम, हे दोन्ही मिळून बस होते. फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली आय-टू-सी ही दोन तारांची बस. मोटोरोलाची एसपीआय तिच्यापेक्षा जास्त तारांची आणि बरीच वेगवान. पुष्कळ ऑडिओ चिपना दोन्ही चालतात.

एडिनबरोच्या वुल्फसन कंपनीची डब्ल्यूएम ८७३१ ही त्यातली एक. (वुल्फसन २०१४ मध्ये सिरस लॉजिकने विकत घेतली.) या चिपवर 'मोड' नावाची पिन आहे. ती ग्राउंडला जोडली की चिप दोन तारांवर बोलते, वरच्या व्होल्टेजला जोडली की तीन तारांवर, म्हणजे एसपीआयने. आतली रजिस्टरं, त्यांचे पत्ते, त्यांचे अर्थ, सगळं तेच राहतं. जुन्या वाड्याचा एक दरवाजा हमरस्त्यावर आणि दुसरा मागच्या बोळात उघडतो तसं. आत राहणारी माणसं बदलत नाहीत.

आता प्रश्न असा. एका बोर्डावर ही चिप आय-टू-सीवर बसवली, दुसऱ्या बोर्डावर एसपीआयवर. ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर, किती लिहायचे?

मी म्हणत असे, दोन. आणि त्याला तीन कारणं देत असे.

पहिलं कारण क्लायंटचं. पुण्यातल्या एम्बेडेड कंपन्यांचं बरंचसं काम दुसऱ्याच्या प्रॉडक्टवर चालतं. गाडीतल्या स्क्रीनमागचं सॉफ्टवेअर आम्ही करतो, पण गाडी दुसऱ्याची, स्क्रीन तिसऱ्याची. एका क्लायंटची टीम एका मजल्यावर, दुसऱ्याची दुसऱ्या. या मजल्याचं कार्ड त्या मजल्याचं दार उघडत नाही. एकासाठी लिहिलेला कोड दुसऱ्याला दाखवायचा नाही, असं करारातच असतं. अशा ठिकाणी 'कॉमन फाइल' म्हटलं की ती नेमकी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न इंजिनिअरच्या आधी वकिलासमोर जातो.

दुसरं कारण टेस्टिंगचं. गाडीच्या ऑडिओचं टेस्टिंग म्हणजे फक्त गाणं वाजवून पाहणं नव्हे. रिव्हर्स घेताना वाजणारा इशारा, फोनचा कॉल, एफएम, रस्ता सांगणारा आवाज, आणि हे सगळं एकमेकांवर आलं की कोण खाली जाणार आणि कोण वर. चावी फिरवून गाडी चालू-बंद करण्याच्या फेऱ्या रात्रभर चालतात. कॉमन फाइलमधली एक ओळ एका प्रॉडक्टसाठी बदलली, तर दुसऱ्या प्रॉडक्टची ही सगळी तपासणी पुन्हा करायची. ते तास कोणाच्या बिलात टाकायचे? वेगळ्या कॉप्या असल्या की हा प्रश्नच येत नाही. ज्याचा बदल, त्याची तपासणी.

तिसरं कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं होतं. 'कॉमन' म्हणून जो कोड मी वाचला होता तो बहुतेक वाचवत नसे. प्रत्येक फंक्शनला 'एसपीआय आहे का' असा एक जादा पॅरामीटर. आत जागोजागी 'ही बस असेल तर असं, ती असेल तर तसं'. शिवाय आय-टू-सी लिनक्सच्या कर्नलमध्ये असेल तरच हा तुकडा घे, नसेल तर गाळ, अशा कंपायलरला दिलेल्या सूचना. एका बसचं काम समजून घ्यायला दोन्ही बस डोक्यात धरून बसावं लागे. त्यापेक्षा दोन सरळ फायली बऱ्या. काही ओळी दोन्हीकडे सारख्या असल्या म्हणून काय बिघडतं? डिस्कवर जागा भरपूर आहे.

या मताला पहिला धक्का बसला तो एका बारीक 'टक्' आवाजाने.

एसपीआयवर हीच चिप बसवलेलं आमचं एक प्रॉडक्ट होतं. सिस्टिम चालू होताना स्पीकरमधून टक् असा आवाज यायचा. फार मोठा नव्हे, पण शांत गाडीत नक्की ऐकू येणारा. क्लायंटच्या माणसाला तो ऐकू आला आणि मग आम्हाला दुसरं काही सुचेना. आधी हार्डवेअरवाल्यांना विचारलं. त्यांनी कपॅसिटर बदलून पाहिले. ऑसिलोस्कोपवर आउटपुटची रेघ लावली, तर चालू होण्याच्या क्षणी ती एकदम उडी मारताना स्पष्ट दिसत होती. वीज येते तेव्हा नव्हे, त्यानंतर थोड्या वेळाने. म्हणजे उडी सॉफ्टवेअरच्या एखाद्या लिहिण्याने पडत होती.

या चिपचं डेटाशीट त्याबद्दल सांगतं. सहाव्या रजिस्टरमध्ये चिपचे वेगवेगळे भाग झोपवायचे बिट आहेत. त्यातला एक बिट आउटपुटचा. डेटाशीट म्हणतं की बाकीचे हवे ते भाग जागे करा, पण आउटपुट मात्र झोपलेलंच ठेवा. मग बाकीची रजिस्टरं भरा, मग चिप सक्रिय करा, आणि सगळ्यात शेवटी आउटपुटचा बिट काढा. आकड्यांत पाहायचं तर या चिपला दर वेळी सोळा बिट जातात. पहिले सात बिट रजिस्टरचा पत्ता, उरलेले नऊ बिट किंमत. सहावं रजिस्टर म्हणजे '००००११०', आणि आउटपुट सोडून बाकी सगळं जागं म्हणजे '००००१००००'. तो मधला एक '१' पुसून टाकायचं काम सगळ्यात शेवटी करायचं. आमचा एसपीआयचा ड्रायव्हर ते सगळ्यात आधी करत होता.

क्रम दुरुस्त केला, आवाज गेला. त्यानंतर आमच्या टीममध्ये नुकताच आलेला, सी-डॅकचा एम्बेडेडचा कोर्स करून बाहेर पडलेला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याने आमच्याच सर्व्हरवरचा, आमच्याच टीमचा आय-टू-सीचा जुना ड्रायव्हर उघडून दाखवला. त्यात हाच क्रम होता, बरोबर लावलेला. कुणी तरी बऱ्याच आधी तो दुरुस्त करून ठेवला होता, वर कारण सांगणारी कॉमेंटही होती. त्या मुलाने मला एवढंच विचारलं, "मॅडम, हा फिक्स आय-टू-सीचा आहे का चिपचा?"

मी त्याला त्या वेळी काही तरी सांगून वाटेला लावलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. फिक्स चिपचाच होता, त्यात शंका नव्हती. आय-टू-सीवर आधी चिपच्या पत्त्याचा बाइट जातो, मग हे सोळा बिट दोन बाइटांत जातात आणि प्रत्येक बाइटनंतर चिप पोच देते. एसपीआयवर तेच सोळा बिट ओळीने जातात आणि सिलेक्टची तार वर गेली की चिप ते उचलते. बसचा फरक इथेच संपतो. आउटपुट शेवटी जागं करायचं हे ज्ञान चिपबद्दलचं आहे, आणि आम्ही ते एका बसच्या फायलीत कोंडून ठेवलं होतं.

लगेच माझं मत बदललं असं नाही. आधी मी शिस्तीचा उपाय काढला. एका कॉपीत फिक्स गेला की दुसऱ्या कॉपीसाठीही नोंद करायची, दर रिलीजच्या आधी ती यादी बघायची. काही दिवस चाललं. मग रिलीजची घाई आली आणि यादी मागे पडली. कामाचा रेटा असतो तिथे अशा याद्या टिकत नाहीत. त्याचा दोष मी कोणाला देत नाही, कारण आठवणीवर टिकणारी व्यवस्था असल्या कामाला पुरत नाही. हे मी तोवर बऱ्याच ठिकाणी पाहिलं होतं, या बाबतीत मात्र मानायला तयार नव्हते.

मग मी जुना कोड वाचायला घेतला. तपकीर गल्लीत साउंड कार्डं मिळायची त्या काळातला. नव्वदच्या दशकात पीसी जुळवणाऱ्या पुण्यातल्या कुठल्याही पोराला ती गल्ली पाठ होती. आयसा या जुन्या बसच्या स्लॉटमध्ये बसणारं साउंड ब्लास्टर किंवा त्याच्याशी जुळणारं एखादं स्वस्त कार्ड तिथे मिळे. पुढे आयसा स्लॉट गेले, पीसीआय आले. नव्या बसवर पत्ते मिळवण्याची, इंटरप्टची, डीएमएची (म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता मेमरीशी देवाणघेवाण करण्याची) पद्धत सगळी बदलली. पण अ‍ॅव्हान्स लॉजिकची एएलएस ४००० ही पीसीआय चिप आतून साउंड ब्लास्टर १६ सारखीच बोलत असे. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर पीसीआयच्या फोल्डरमध्ये आहे. तो उघडून पाहिला तर साउंड ब्लास्टरचे आदेश, मिक्सर हे सगळं तो आयसाच्या फोल्डरमधल्या कॉमन फायलीतून घेतो. स्वतः लिहितो फक्त पीसीआयचं, म्हणजे चिप कशी सापडते, मेमरीतला पत्ता तिला कसा द्यायचा, असलं. एकमेकींशी काडीचं साम्य नसलेल्या दोन बस, आणि त्यांच्यामध्ये एक कॉमन फाइल, जिला बसशी जवळजवळ घेणंदेणं नाही.

माझ्या तिसऱ्या कारणाला इथे उत्तर मिळालं. मला जो कॉमन कोड वाचवत नव्हता, त्याचा दोष कॉमन असण्यात नव्हता. त्या फायली बसना हाताखाली घेऊन वर बसल्या होत्या आणि प्रत्येक बसची विचारपूस स्वतः करत होत्या. 'कोण आलंय? एसपीआय? मग असं कर.' एएलएस ४००० मध्ये नातं उलटं आहे. बसची फाइल मालक, कॉमन फाइल तिच्या हाताशी असलेलं अवजार. हवं ते फंक्शन बसची फाइल बोलावते, नको ते सोडून देते. नील ब्राऊन यांनी २००९ मध्ये कर्नलच्या रचनेवर लिहिताना या फरकावरच बोट ठेवलं होतं. मधला थर बसवू नका, लायब्ररी द्या, असा त्यांचा आग्रह होता. मी तो लेख आधीही वाचला होता. कळला मात्र आता.

लिनक्सच्या ऑडिओवाल्यांनी या बाबतीत जे केलं त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. डब्ल्यूएम ८७३१ सारख्या चिपमध्ये आणखी एक अडचण आहे. तिच्या रजिस्टरमध्ये लिहिता येतं, वाचता येत नाही. आत्ता आवाज किती आहे हे चिपला विचारायची सोय नाही. म्हणून शेवटचं काय लिहिलं याची नोंद ड्रायव्हरने स्वतःकडे ठेवायची, आणि चिप झोपून उठली की ती सगळी नोंद पुन्हा तिच्यात भरायची. एके काळी प्रत्येक ड्रायव्हर हे आपापलं करत असे. सात बिट पत्ता आणि नऊ बिट किंमत यांची मोट बांधायचा कोडही प्रत्येकाचा वेगळा. त्या वेळी वुल्फसनमध्येच काम करणाऱ्या मार्क ब्राऊन यांनी हा भाग आधी ऑडिओच्या ड्रायव्हरांमधून बाहेर काढला. पुढे तो ऑडिओच्याही बाहेर नेला आणि २०११ मध्ये लिनक्सच्या ३.१ आवृत्तीत तो 'रेगमॅप' या नावाने सगळ्यांसाठी आला. आज विजेचं व्यवस्थापन करणाऱ्या चिप, तापमानाचे सेन्सर, अशा कितीतरी गोष्टींचे ड्रायव्हर तो वापरतात. ड्रायव्हरने फक्त सांगायचं, माझा पत्ता सात बिट, किंमत नऊ बिट, ही रजिस्टरं लिहिण्यापुरतीच. मग बस आय-टू-सी असो की एसपीआय, खालचं सगळं रेगमॅप पाहतो.

याचा फायदा ओळी वाचवण्यापेक्षा बराच खोल आहे. एसपीआयवर डेटा पाठवताना तो डीएमएला चालेल अशा मेमरीत असावा लागतो. पुष्कळ ड्रायव्हर तो फंक्शनच्या स्टॅकवर ठेवून पाठवत आणि निभावून जाई. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ४.९ आवृत्तीपासून एक्स-८६ प्रोसेसरवर स्टॅकची मेमरी वेगळ्या पद्धतीने द्यायची सोय झाली आणि असा आडमार्ग घेणारे ड्रायव्हर अडचणीत आले. ते एकेक करून दुरुस्त करावे लागले. रेगमॅप आपला बफर आधीच नीट मेमरी मागून घेतो, त्यामुळे त्याच्यावरून बोलणाऱ्या कोडेकच्या ड्रायव्हरला या बदलाचा पत्ताही लागला नाही. बसचं ज्ञान बसपाशी, चिपचं चिपपाशी, आणि दुरुस्ती एकदाच.

पण सांधा कुठे घालायचा हे इथेच ठरलं असंही नाही. रेगमॅप आल्यावरही बऱ्याच कोडेकांची एकच फाइल होती, तिच्यातच आय-टू-सी आणि एसपीआय दोन्हींची नोंदणी. दिसायला नीटनेटकं. पण कर्नल बिल्ड करताना आय-टू-सी सुट्टा मॉड्यूल म्हणून घेतला, तर हा कोडेकही सुट्टाच घ्यावा लागे, मग तुमच्या बोर्डावर तो एसपीआयवर का असेना. ज्या बसशी आपला संबंध नाही तिच्या अटी आपल्याला पाळायच्या! २०२२ मध्ये डब्ल्यूएम ८७३१ चा ड्रायव्हर याच अंगाने मोडून तीन फायलींचा केला गेला. एक चिपची, एक आय-टू-सीची, एक एसपीआयची. शेवटच्या दोन अगदी छोट्या. मी दोन फायली म्हणत होते, माझे विरोधक एक म्हणत होते, आणि कर्नलचं उत्तर निघालं तीन.

लॅपटॉपच्या बाजूला हाच प्रकार २०१४ मध्ये झाला होता. इंटेलचं हाय डेफिनिशन ऑडिओ २००४ पासून पीसीआयवर. मग एनव्हिडियाच्या टेग्रा चिपमध्ये तेच कंट्रोलर पीसीआयशिवाय, थेट प्रोसेसरच्या आत आलं. तेव्हा मोठ्या ड्रायव्हरमधून कंट्रोलरचा भाग वेगळा काढला आणि पीसीआय व टेग्रा यांच्या दोन वेगळ्या फायली त्याच्या बाजूला ठेवल्या. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. टेग्रावर ही रजिस्टरं एकेक बाइट करून लिहिता येत नाहीत, एका वेळी बत्तीस बिटच. म्हणून तिथे एक बाइट लिहायचा तर चारही बाइट वाचायचे, त्यातला एक बदलायचा आणि चारही परत लिहायचे. ही उठाठेव कॉमन कोडच्या तर्कात कुठेही मिसळलेली नाही. तो फक्त म्हणतो, हा बाइट लिही. कसा लिहायचा हे ज्याचं त्याला माहीत.

एवढं सगळं मानल्यावरही काही ठिकाणी मी जुन्या जागेवरच आहे. क्रिस्टलची सीएस ४२३१ ही चिप पीसीच्या आयसा कार्डांवरही होती आणि सन कंपनीच्या स्पार्क मशिनांवरही. लिनक्समध्ये तिचे दोन ड्रायव्हर आहेत, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये. रजिस्टरं बरीच सारखी, तरी कुणी ते एकत्र केले नाहीत, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. सनच्या मशिनांवर त्या चिपभोवती डीएमएची रचनाच वेगळी. कॉमन करायला गेलं तर उरला असता थोडा चिपचा भाग आणि त्याच्याभोवती अपवादांचं मोठं कुंपण. त्यात दोन्ही बाजूंना तपासायला हार्डवेअर असलेली माणसंही वेगवेगळी. गंमत अशी की स्पार्कच्या त्या एका फायलीत मात्र एसबस आणि ईबस अशा सनच्या दोन बस गुण्यागोविंदाने राहतात, डीएमएची मोजकी फंक्शनं तेवढी प्रत्येकीची वेगळी. म्हणजे कुठे जोडायचं आणि कुठे तोडायचं हे फोल्डर पाहून ठरत नाही, चिप आणि बस समोर ठेवूनच ठरवावं लागतं.

बस पूर्ण झाकता येते असंही मी कुणाला सांगणार नाही. प्रोसेसरच्या मेमरीतल्या रजिस्टरवर क्षणात लिहिता येतं. आय-टू-सीवर लिहायचं तर तार मोकळी होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून रेगमॅपलाही आत दोन प्रकारची कुलपं ठेवावी लागतात, एक न झोपता थांबणारं आणि एक झोपून (म्हणजे प्रोसेसर दुसऱ्या कामाला देऊन) थांबणारं. आवाज सुरू करण्याचा आदेश कर्नलमध्ये ज्या क्षणी येतो, त्या क्षणी साधारणपणे झोपायची मुभा नसते. २०१४ मध्ये ३.१८ आवृत्तीत तशी मुभा मागण्याची वेगळी सोय झाली, पण ती प्रत्येकाने घेतलेली नसते. तेव्हा कॉमन फायलीत 'इथे लिही' असं म्हणताना खाली मंद बस असू शकते, हे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायलाच हवं. नव्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते.

राहिली माझी पहिली दोन कारणं. टेस्टिंगचं म्हणाल तर मी हिशेब उलटा मांडायला शिकले. दोन कॉप्या असतात तेव्हा चिपचं वागणं दोनदा तपासावं लागतं आणि दोन्ही वेळा अर्धवट तपासलं जातं. चिपची फाइल एक आणि बसच्या फायली पानभराच्या असल्या, तर एका प्रॉडक्टवर रात्रभर चाललेली तपासणी दुसऱ्यालाही उपयोगी पडते. चालू-बंदचा क्रम तर आता बोर्डाशिवायही पाहता येतो. २०२३ मध्ये रेगमॅपला साध्या मेमरीवर चालणारी एक खोटी बस मिळाली, ती रेगमॅपच्याच चाचण्यांसाठी होती. तिच्यावर आमच्या क्रमाच्या चाचण्या बसवायला फार वेळ लागला नाही. बोर्डावरच्या रात्री संपलेल्या नाहीत, पण त्या आता बसवरच्या खऱ्या प्रश्नांसाठी वापरल्या जातात.

क्लायंटच्या भिंतीचं उत्तर मला मॉडेल कॉलनीत खूप आधी कानावर आलं होतं. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं, तिथे कॉलेजची मुलं आणि आमच्यासारखी नोकरी करणारी माणसं एकत्र बसायची. तिथली मंडळी परत परत एकच गोष्ट सांगायची, पॅच मेनलाइनला, म्हणजे सगळ्यांच्या मूळ कर्नलला पाठवा. मला तेव्हा ती हौशी लोकांची भाषा वाटायची. आता कळतं की दोन मजल्यांमधल्या बंद दारावर तोच एक सरळ रस्ता आहे. कर्नलचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. चिपबद्दलची दुरुस्ती एका क्लायंटच्या संमतीने मेनलाइनमध्ये गेली, की दुसऱ्याला ती आमच्याकडून मिळतच नाही, कर्नलकडून मिळते. करार मोडत नाही आणि 'टक्' आवाज दोघांच्याही गाडीतून जातो. क्लायंट नेहमी तयार होतात असं नाही. काहींना आपला कोड बाहेर जाणं म्हणजे काही तरी हातचं गेलं असं वाटतं, आणि त्यांची समजूत घालण्यात पुष्कळ वेळ जातो. तो वेळ मी आता अंदाजपत्रकात उघडपणे लिहिते. मॅनेजर पहिल्यांदा त्या ओळीवर बोट ठेवतात, मग मी त्यांना कॉपी करून ठेवलेल्या जुन्या ड्रायव्हरांचे दुरुस्तीचे तास दाखवते.

सध्या आमच्या टेबलावर आय-टू-सी आणि साउंडवायर अशा दोन बसवर चालणारी एक चिप आहे. रियलटेकच्या आरटी ५६८२ चं उदाहरण समोर ठेवलंय. तिच्या आय-टू-सी आणि साउंडवायरच्या फायली २०२० मध्ये वेगळ्या झाल्या, चिपची फाइल मधे राहिली. पण साउंडवायर ही अवघड बस आहे. त्याच दोन तारांवरून आदेशही जातात आणि आवाजही, आणि चिप जागी आहे की नाही हे बसच ड्रायव्हरला कळवते. त्यामुळे चिप जागी करण्याचा क्रम इथे पूर्णपणे चिपचा राहत नाही. रजिस्टरांचं टेबल आणि मिक्सर आम्ही एकत्र केलेत. जागं करण्याचा क्रम अजून दोन्ही फायलींत वेगळा आहे. 'फिक्स कोणाचा' हा प्रश्न विचारणारा तो मुलगाच आता त्यावर बसलाय. काल त्याने त्यातली तीन फंक्शनं कॉमन फायलीत हलवली, चौथं मी परत मागे न्यायला सांगितलं, आणि त्यावरचा आमचा वाद अजून चालू आहे.